पागोळीखालची बाटली: खाडीकाठच्या शाळेत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

जूनमध्ये नेमणुकीचा आदेश हातात पडतो. दोन एसट्या बदलून, शेवटचा टप्पा चालत तुम्ही वाडीत पोचता. जांभ्याच्या दोन खोल्या, पुढे पडवी, कौलांवर हिरवं शेवाळ. वर्ग पहिली ते पाचवी, पट १९, शिक्षक दोन. त्यातल्या एकाकडे मुख्याध्यापकपण आणि पोषण आहाराचा हिशोब, म्हणजे शिकवायला खरे दीडच. डी.एड.ला पाठ केलेलं 'कृतियुक्त, बालकेंद्री अध्ययन' डोक्यात ताजं असतं, पण सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं ते कुणी सांगितलेलं नसतं. सिंधुदुर्गातल्या अशाच दोन शाळांत माझी नोकरी गेली. त्या सोमवारसाठी हे लिहिते आहे.

आधी माझी फजिती सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच आलं.

पहिल्याच पावसाळ्यात मी मुलांकडून पर्जन्यमापक करून घेतलं. प्लास्टिकची बाटली कापली, पट्टी चिकटवली आणि येताजाता दिसावी म्हणून पडवीच्या कडेला ठेवली. दुसऱ्या दिवशी बाटली जवळजवळ भरलेली. मी तोऱ्यात फळ्यावर आकडा लिहिला, २१० मिलिमीटर. पेपरात तालुक्याचा पाऊस होता ४८. मी मुलांना म्हटलं, आपल्याकडे जास्त पडला असेल. तिसरीतला एक मुलगा, एरवी तोंड न उघडणारा, खिडकीतून बाटलीकडे बघत म्हणाला, "बाईनू, तां कौलाचां पाणी. सगळां थंयच पडता."

बाटली मी बरोब्बर पागोळीखाली ठेवली होती. उठून ती अंगणात नेणार, तेवढ्यात काय सुचलं कोण जाणे, मी खाली बसले आणि विचारलं, "मग कुठे ठेवू या?" पुढची चाळीस मिनिटं मी जवळजवळ काहीच बोलले नाही. फणसाखाली नको, पानांवरचं ठिबकतं. विहिरीजवळ नको, बायका पाणी शेंदताना उडतं. अंगणाच्या मधोमध नको, तिथे गुरं येतात. शेवटी झेंड्याच्या कट्ट्याजवळ, चार चिऱ्यांच्या बेचक्यात बाटली बसली. कृती मी ठरवून आणली होती, पण मुलं शिकली ती माझ्या चुकीपाशी. मूल जिथे अडतं किंवा तुम्हाला अडवतं, तिथून पुढचा धडा सुरू होतो. हे सांभाळता आलं तर बाकीचं साहित्य दुय्यम आहे.

पहिले पंधरा दिवस: वर्ग आहे तसाच ठेवा

आल्या आल्या बाकं गोलात लावू नका. आधीच्या शिक्षकांनी जे चालवलं आहे ते चालू द्या आणि तुम्ही संध्याकाळी वाडीत फिरा. कोण काय करतं ते बघा: रापणीला कोण जातं, जाळं कोण विणतं, फाटलेलं कोण सांधतं, होडीच्या फटी कोण बुजवतं, पोफळीवर कोण चढतं, चिरेखाणीत कोण आहे, रातांबे फोडून आमसुलं कोण घालतं. वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने करा, एकात काम आणि दुसऱ्यात त्या कामातलं मोजमाप. जाळ्याचा आस, म्हणजे एका भोकाची रुंदी, बोटांनी मोजतात, आंबे डझनाने आणि पेटीने जातात, चिऱ्याची लांबीरुंदी ठरलेली असते, मासळीचे वाटे पडतात. तुमचं वर्षभराचं गणित या दुसऱ्या रकान्यात आहे.

एक जपा. "तुझे बाबा काय करतात?" हे भर वर्गात विचारू नका. कुणाचे बाबा मुंबईत असतात आणि पैसे पाठवत नाहीत, कुणाचे खलाशी म्हणून बोटीवर गेलेले असतात, कुणाच्या घरच्या कामाला गावातली माणसं नाकं मुरडतात. कामांची यादी वाडीची करायची, मुलांच्या बापांची नाही.

भाषेचंही इथेच सांगते. मुलं मालवणीत बोलतील. निरीक्षण मालवणीत सांगू द्या, मालवणीत लिहूही द्या, आणि पुस्तकी वाक्य नंतर सगळ्यांनी मिळून करा. ज्या मुलाला 'बाष्पीभवन' म्हणता येत नाही, त्याला ओलं जाळं कुठल्या वाऱ्यात लवकर सुकतं ते तुमच्याहून चांगलं ठाऊक असतं.

शाळा मुलांच्या वाटेवर नेण्याची कल्पना आपल्या किनाऱ्याला नवी नाही. उत्तर कोकणात बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये काम सुरू केलं. पुढे कोसबाडच्या डोंगरात आदिवासी मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळा कुरणात नेली, तीच कुरणशाळा. मूल शाळेत येत नाही ही तक्रार त्यांनी केली नाही, मूल कुठे असतं ते आधी बघितलं. गांधीजींची नई तालीम १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत मांडली गेली, तिच्यातही हाताचं काम हा शिक्षणाचा कणा होता. कुणी म्हणालं की हे परदेशी खूळ आहे, तर एवढं सांगायला हरकत नाही.

मग आठवड्यातून एकच तास

शनिवार सकाळचा असतो, मुलं ताजी असतात, तो घ्या. एकच विषय, एकच प्रश्न. प्रश्न निवडताना मी एवढंच बघते: उत्तर बरोबर की चूक हे मला न विचारता मुलांना तपासता येईल का? 'पाण्याचे उपयोग सांगा' यात तपासायला काही नाही, मुलं तुमच्या चेहऱ्याकडे बघून उत्तरं देतात. 'आपल्या शाळेच्या छपरावर काल किती हंडे पाणी पडलं?' हे चालेल, कारण इथे बाटली, दोरी आणि हंडा तिघं मिळून उत्तर देतात.

पाऊस आपल्याकडे जून ते सप्टेंबर फुकट आणि भरपूर, म्हणून बाटलीपासूनच सुरुवात करा. सरळ बाजूंची बाटली घ्या, कमरेत बारीक नको. वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा करून नरसाळ्यासारखा तोंडात बसवा. बुड खडबडीत असतं, म्हणून तळाला खडे घालून बाजू सरळ होतात तिथपर्यंत पाणी भरा आणि तिथे शून्याची रेघ मारा. बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवा. शाई पावसात पुसते, वरून पारदर्शक चिकटपट्टी लागते. झाड किंवा भिंत जेवढी उंच, निदान त्याच्या दुप्पट अंतरावर बाटली असावी. कोकणातल्या अंगणात एवढी मोकळी जागा मिळत नाही, मग मिळेल तिथे ठेवा आणि वहीत 'पूर्वेला फणस, १२ पावलं' असं लिहून ठेवा. हवामान खातं सकाळी साडेआठला चोवीस तासांचा पाऊस मोजतं. शाळा तेव्हा उघडलेली नसते, तेव्हा ज्याचं घर सगळ्यात जवळ त्याला ते काम. ते मूल अभ्यासात मागे असलं तर फारच छान.

आता एकाच खोलीत पाच वर्ग कसे? बाटली एकच, कामं वेगळी. पहिली-दुसरीची मुलं बाटलीतलं पाणी चहाच्या कपाने मोजतात आणि पावसाचे थेंब काढून तक्ता भरतात. तिसरी रोजचा आकडा लिहून आठवड्याची बेरीज करते. चौथी-पाचवीला हे द्या: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. सांगून सोडू नका, खडूने अंगणात मीटरभर चौकोन आखा आणि हिशोब करू द्या. मग छपराखालची जमीन दोरीने मोजायची. आमची खोली निघाली ९ मीटर लांब, ६ मीटर रुंद. चौपन्न चौरस मीटर गुणिले ४८, म्हणजे २५९२ लिटर. एका दिवसात, एका खोलीवर. मुलांनी १५ लिटरच्या हंड्याने भागून पावणेदोनशेच्या आसपास हंडे काढले आणि एक मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आणि मे महिन्यात आई हंड्यासाठी भांडता!" पर्यावरणाचा धडा मी त्या वर्षी वेगळा घेतला नाही.

हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे 'जोरदार', ११५.६ पासून 'अतिजोरदार' आणि २०४.४ च्या वर गेला की 'अत्यंत जोरदार'. हा तक्ता भिंतीवर लावा. दशांश अपूर्णांकांची तुलना पाचवीला शिकवायची असते, ती मुलं आपण होऊन करतात, कारण १२ जुलैचा पाऊस अर्ध्या मिलिमीटरने 'अतिजोरदार' व्हायचा राहिला याचं त्यांना वाईट वाटतं.

मग खाडी

पाऊस ओसरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरतीकडे वळा. वाडीत एखादे आजोबा असतात, त्यांना भरतीची वेळ विचारा. ते घड्याळ बघणार नाहीत, तिथी विचारतील आणि तिची पाऊणपट करतील. चतुर्थी म्हणजे तीन वाजता भरती, अष्टमी म्हणजे सहा. आमच्या वाडीतल्या आजोबांना शाळेत पाऊणकीचे पाढे छडीखाली पाठ झालेले. ज्या जुन्या पाठांतराला आपण नावं ठेवतो, त्याच्या जोरावर ते साठ वर्षं होडी काढत होते. मला हे टोचलं आणि टोचायलाच हवं होतं. पाठांतर वाईट नसतं, ते कुठे लावायचं हे न सांगता सोडून देणं वाईट.

पाचवीच्या मुलांनी पंधराही तिथींचा तक्ता केला. पाऊणपट म्हणजे अर्धं अधिक अर्ध्याचं अर्धं, ही युक्ती त्यांनीच काढली. प्रतिपदा १२:४५, द्वितीया १:३०, तृतीया २:१५, असं करत पौर्णिमा ११:१५. मी वह्या गोळा करायला लागले, तर एक मुलगी वही सोडेना. "बाईनू, पुनवेक सव्वा अकरा आणि दुसऱ्या दिवशी पावण एक? रोज पाऊण तास, आणि त्या एका रातीत दीड तास कसो वाढलो?"

मला उत्तर येत नव्हतं. येत नाही असं सांगितलं. (हे वाक्य आरशासमोर म्हणून बघा, पहिल्यांदा जड जातं.) मग फळ्यावर मांडत गेलो. पंधरा तिथींनी भरतीची वेळ पुन्हा जिथली तिथे यायला हवी, म्हणजे घड्याळाचे १२ तास भरायला हवेत. १२ तासांची मिनिटं ७२०. भागिले १५. तिथीमागे ४८ मिनिटं. पाऊणपट म्हणजे ४५, दर तिथीला तीन मिनिटं कमी पडतात आणि पंधरा तिथींची तूट एका रात्रीत डोकं वर काढते. पुस्तकात रोज सुमारे ५० मिनिटं उशीर असं असतं, तेही चूक नाही. तिथी सरासरीने चोवीस तासांहून जराशी लहान असते एवढाच फरक. आजोबांना जाऊन सांगितलं तर ते हसले. "होडी काढूक अर्धो तास हंय काय आणि थंय काय, पाणी काय घड्याळ बघून येता?" हिशोब कशासाठी करायचा त्यावर तो किती नेमका हवा ते ठरतं, हे त्या एका वाक्यात होतं आणि माझ्या टाचणात नव्हतं.

हे प्रत्यक्ष तपासायचं तर बांबूच्या काठीवर दर दहा सेंटिमीटरला रंगाची खूण करा आणि ती धक्क्याच्या खांबाला घट्ट बांधा. दर अर्ध्या तासाने धक्क्यावर उभं राहून वाचा, पाण्यात उतरायचं काम नाही. खाडीत पाणी आतपर्यंत यायला वेळ घेतं, म्हणून समुद्रावरची वेळ आणि तुमच्या धक्क्यावरची वेळ जुळणार नाही. किती जुळत नाही, हाच तुमचा पुढच्या शनिवारचा प्रश्न.

सुरक्षेबद्दल मी कडक आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात जायचं नाही, अष्टमीच्या आसपास भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांत जायचं आणि तेही पाणी उतरत असताना. सात-आठ मुलांमागे एक मोठं माणूस, गळ्यात शिट्टी, हातात दोरी, दर पंधरा मिनिटांनी शिरगणती. पालकांची आणि मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आधी. खारफुटीच्या चिखलात एकटं मूल सोडायचं नाही, मग ते कितीही 'माका ठाऊक आसा' म्हणो. सड्यावर, कातळाच्या पठारावर, गेलात तर दगड हाताने उलटायचा नाही, फुरसं तिथेच असतं. होड्यांबद्दल विचारायचं असेल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा माणसं धक्क्यावर जाळी सांधत बसलेली सापडतात आणि बोलायलाही त्यांना वेळ असतो.

छोटे प्रयोग भराभर सांगते. समुद्राचं लिटरभर पाणी आटवलं तर साधारण ३५ ग्रॅम मीठ उरतं. तेच जुलैत खाडीतून आणून आटवा आणि फरक का पडला ते विचारा. जास्वंदीच्या पाकळ्यांच्या पाण्यात लिंबू पिळलं की ते लाल होतं, सोडा टाकला की हिरवं. हळदीच्या कागदाला साबण लावला की लाल. शिंपल्यावर लिंबू पिळलं तर बुडबुडे येतात. एका वेळी एकच करा. सगळे एका तासात उरकले तर ती जादू होते, शिकणं होत नाही.

टाचण, केंद्रप्रमुख आणि पालक

पंधरा दिवसांत कुणीतरी विचारेल, "पोरांका शिकवतास काय खेळवतास?" रागावू नका, प्रश्न रास्त आहे. ज्यांनी स्वतः शाळा अर्धवट सोडली त्यांना मूल वहीत लिहिताना दिसलं की धीर येतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात; त्या बैठकीत भाषण न करता पावसाची वही फिरवा आणि एखाद्या मुलाला छपराचं गणित करून दाखवू द्या. आमच्याकडे एका आईने तिथल्या तिथे स्वतःच्या घराचं छप्पर मोजायला मुलीला बोलावलं. त्यानंतर मला कुणी विचारलं नाही.

कागदाची बाजूही भक्कम ठेवा. टाचणात कृतीच्या समोर अध्ययन निष्पत्ती लिहा: लांबी मोजतो, क्षेत्रफळ काढतो, दशांशांची तुलना करतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये कृती, शोध आणि अन्वेषणातून, बालककेंद्री रीतीने शिकणं आणि मुलाला भयमुक्त ठेवणं लिहिलेलंच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांबरोबर काम करायला सुचवलं आहे. तुमची शाळा पाचवीपर्यंत असली तरी तुमची मुलं पुढे तिथेच जाणार. आठवी ते दहावीला शिकवणाऱ्यांनी पाबळच्या विज्ञान आश्रमाचं काम जरूर बघावं, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या त्या कामात वेल्डिंगपासून शेतीपर्यंत सगळं अभ्यासक्रमात बसवलं आहे. आणि टाकाऊतून खेळणी करायला अरविंद गुप्ता यांच्याइतका चांगला गुरू नाही.

एक तक्रार मात्र करते. मला एकदा वरून सूचना आली की उपक्रमाचे फोटो त्याच दिवशी ग्रुपवर टाका. दोन महिन्यांत माझ्या लक्षात आलं की मी फोटोत बरे दिसणारे उपक्रम निवडते आहे. थर्माकोलचे ज्वालामुखी, रंगीत तक्ते, निम्मे पालकांनी घरी केलेले. मुलांचे हात चालत होते आणि डोकी स्वस्थ बसली होती. तेव्हापासून माझा नियम असा की पहिल्या अर्ध्या तासात फोन दप्तरात.

आणि शनिवार सोडून बाकीचे पाच दिवस? पाढे, वाचन, शुद्धलेखन चालू ठेवा, रोज. ज्या मुलाला वाचता येत नाही त्याची पावसाची वहीही अर्धीच राहते, हे मी पहिल्या दोन वर्षांत मान्य केलं नाही आणि त्याची किंमत दोन मुलांनी मोजली. कृती आली म्हणून सराव गेला असं होऊ देऊ नका.

मूल शिकलं की नाही ते बघायला मी परीक्षेआधी एक करते. चौथीतल्या मुलाला पहिलीतल्याला बाटली वाचायला शिकवायला सांगते आणि बाजूला पेन्सिली तासत बसते. कुठे अडखळला ते कळतं. ते त्याच दिवशी नोंदवहीत लिहायचं, 'पाण्याची पातळी वरून बघतो, डोळ्याच्या रेषेत आणत नाही' असं नेमकं. 'प्रगती समाधानकारक' या नोंदीने पुढच्या शिक्षकाला काहीच कळत नाही.

राहिला गणपतीच्या सुट्टीचा प्रश्न. मुंबईकर येतात, घरं भरतात, शाळा बंद. बाटली कोण वाचणार ते सुट्टीआधी ठरवा आणि वही त्याच्या घरी द्या. गैरहजर दिवसांचे आकडे अंदाजाने भरू देऊ नका, रकाना रिकामा राहिला तरी चालेल. आमच्याकडे पहिल्या वर्षी ते काम तिसरीतल्या त्याच मुलाकडे होतं. सुट्टीनंतर वही उघडली तर रोज आकडा होता, आणि विसर्जनाच्या दिवशी आकड्याच्या जागी वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: 'पाऊस होतो. मोजूक विसारलंय.'